झिरो-स्पॅन करूनही रीडिंग सरकतंय? ॲनलायझर उघडण्याआधी हे तपासा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात हवेतले वायू मोजणारी यंत्रं, म्हणजे ॲनलायझर, चालू ठेवणं हे माझं रोजचं काम. एसओटू (सल्फर डायऑक्साइड) असो, नॉक्स (एनओ आणि एनओटू हे नायट्रोजनचे ऑक्साइड), सीओ (कार्बन मोनॉक्साइड) की ओझोन, यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, तक्रार फिरून फिरून तीच येते. "दादा, मागच्या आठवड्यातच कॅलिब्रेशन झालंय की, आणि आज स्पॅन परत खाली!" मग ऑपरेटर पुन्हा स्पॅन गॅस सोडतो, बटण दाबतो, आकडा जागेवर येतो. आठ दिवसांनी परत तेच.

असं होत असेल तर आधी बटणावरचं बोट काढा. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. प्रमाण माहीत असलेला गॅस यंत्राला दाखवायचा आणि त्याचं उत्तर किती चुकतंय ते बघायचं, एवढंच ते काम. स्वच्छ हवा दाखवून घेतलेली तपासणी म्हणजे झिरो, माहीत असलेला गॅस दाखवून घेतलेली म्हणजे स्पॅन. उत्तर का चुकलं हे न शोधता बटण दाबलं तर दोष जागेवरच राहतो आणि आकड्याखाली झाकला जातो. समजा सिलिंडरचा गॅस ठरावीक प्रमाणात पातळ करून देणाऱ्या कॅलिब्रेटरपासून ॲनलायझरपर्यंतच्या नळीचा एक नट सैल आहे आणि तिथून खोलीतली हवा आत ओढली जाते. स्पॅन १५ टक्के कमी दिसतो. बाहेरच्या हवेची नळी वेगळी, ती ठणठणीत आहे, म्हणजे बाहेरचं रीडिंग मुळात बरोबरच होतं. तुम्ही स्पॅन दाबलात की यंत्र प्रत्येक आकड्याला साधारण १.१८ नं गुणायला लागतं. त्या क्षणापासून गावाच्या हवेचा आकडा १८ टक्के फुगलेला जातो, आणि लॉगबुकात मात्र 'कॅलिब्रेशन ओके' अशी नोंद असते.

म्हणून पहिला नियम: काहीही बदलण्याआधी झिरो आणि स्पॅनचे 'आढळलेले' आकडे वहीत लिहा. दुरुस्तीनंतरचे 'सोडलेले' आकडे त्याच ओळीत पुढे लिहा. पहिला रकाना रिकामा असेल तर मागचा डेटा खरा की खोटा हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

लक्षणं

खालीलपैकी तुमच्याकडे काय दिसतंय ते आधी ठरवा. यावरूनच निम्मी वाट कळते.

- स्पॅन दर आठवड्याला एकाच दिशेनं, थोडा थोडा खाली येतो.
- स्पॅन गॅस सोडल्यावर आकडा स्थिर होत नाही. अर्धा तास झाला तरी रांगत वर चढतच असतो.
- झिरो वर सरकतो, किंवा रात्रीच्या स्वच्छ हवेत रीडिंग उणे जातं.
- आकडा ठरावीक वेळानं झोके घेतो आणि ते झोके एसीच्या कॉम्प्रेसरबरोबर जुळतात.
- आकडा एकदम निम्मा, दुप्पट किंवा अडीच पटीच्या आसपास.
- नॉक्समध्ये एनओ बरोबर, पण एनओटू कमी किंवा उणे.
- सगळीच यंत्रं एकाच वेळी, जवळपास सारख्याच टक्क्यांनी चुकतात.

शेवटचं लक्षण सगळ्यात जास्त बोलतं. एसओटूचं यंत्र यूव्ही प्रकाशावर, सीओचं इन्फ्रारेडवर आणि नॉक्सचं रासायनिक प्रकाशावर चालतं. तिन्ही एकाच दिवशी एकाच प्रमाणात बिघडणार नाहीत. तेव्हा दोष सामाईक ठिकाणी असतो: कॅलिब्रेटर, झिरो एअर (झिरोसाठी दाखवायची गाळलेली स्वच्छ हवा) किंवा सामाईक नळी. अशा वेळी एकाही ॲनलायझरला हात लावू नका.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

आधी मागच्या आठ दिवसांचा आलेख स्क्रीनवर काढा. कोल्हापूरच्या हवेची एक ठरावीक चाल आहे आणि ती आपल्याला फुकट मिळणारी कसोटी आहे. वर्दळीच्या चौकाजवळ सकाळी आणि संध्याकाळी एनओ चढतो. तो चढला की ओझोन खाली बसतो, कारण एनओ ओझोन खाऊन एनओटू बनवतो. उन्हाच्या दुपारी ओझोन वर येतो. हंगामात संध्याकाळी गुऱ्हाळांची चुलवाणं पेटलेली असली आणि वारा पडला की सीओ हलतो. ही चाल आलेखात नीट दिसत असेल आणि फक्त स्पॅन तपासणीच चुकत असेल, तर दोष बहुधा स्पॅन गॅसच्या वाटेवर आहे. चालच सपाट झाली असेल, सकाळ-दुपारचा फरकच उरला नसेल, तर यंत्राला बाहेरची हवा पोचत नाही. नळी निसटलेली असते, नाहीतर व्हॉल्व्ह झिरोवर अडकलेला असतो.

मग एककं. एसओटूचा १ पीपीबी (अब्जात एक भाग) म्हणजे २५ अंश तापमान आणि समुद्रसपाटीच्या दाबाला २.६२ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. एनओटूचा १.८८, ओझोनचा १.९६. स्पॅन पीपीबीत दिला आणि पडद्यावर मायक्रोग्रॅम दिसत असतील तर आकडा नेमका तेवढ्या पटीनं चुकलेला दिसणार. नेमका निम्मा किंवा दुप्पट आकडा दिसला तर ॲनलायझरची रेंज आणि आकडे साठवणाऱ्या डेटा लॉगरमधली रेंज ताडून बघा. यंत्रात ०-५०० आणि लॉगरमध्ये ०-१००० असलं की असंच होतं. यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावरचा आकडा आणि लॉगरचा आकडा शेजारी शेजारी लिहिलात की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. खरा दोष हळूहळू वाढतो, कमी-जास्त होतो. नेमक्या पटीत चूक दिसली की तिथे माणसानं भरलेला आकडा असतो.

तिसरी गोष्ट वीज. लाइट जाऊन आली असेल तर यंत्राला तापायला वेळ द्या. नॉक्सच्या यंत्रातला, एनओटूचा एनओ करणारा कन्व्हर्टर ३०० अंशांच्या वर चालतो आणि प्रकाश मोजणारी पीएमटी नळी थंड ठेवलेली असते. दोन्ही आपापल्या जागी यायला तास लागतात. लाइट आल्यावर अर्ध्या तासात घेतलेली स्पॅन तपासणी वहीत चढवूच नका. पहाटे लाइट जाणं आणि सकाळी आपोआप होणारा स्पॅन यांची गाठ पडली की 'ड्रिफ्ट' आला, म्हणजे रीडिंग सरकलं, म्हणून फोन येतो. वेळा जुळवून बघा.

पावसाळ्यातलं पाणी

जून ते सप्टेंबरात मी सगळ्यात आधी इथे बघतो. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण कोल्हापूरच्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ हेच आहे असा माझा अनुभव आहे.

पावसाळ्यात बाहेर २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे २३ अंश असतो. म्हणजे ही हवा २३ च्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागाला टेकली की तिथे पाणी सुटणार. आता खोलीत एसी १८ वर लावलेला, आणि छपरातून आलेली टेफ्लॉनची नळी नेमकी एसीच्या झोतासमोरून गेलेली. नळीच्या आत थेंब धरायला सुरुवात होते. एसओटू पाण्यात चटकन विरघळतो, अमोनिया त्याहूनही. गॅस नळीतच राहतो आणि यंत्रापर्यंत उरलेली हवा पोचते. रीडिंग कमी येतं. एसी बंद-चालू झाला की थेंब थोडे वाळतात, विरघळलेला गॅस परत सुटतो आणि आकडा वर उडी मारतो. झोके येतात ते यामुळे.

कसं बघायचं? टॉर्च घ्या आणि नळीच्या सगळ्यात खालच्या वळणावर आडवा प्रकाश टाका. टेफ्लॉन दुधी असतं, समोरून बघून काही कळत नाही. आडव्या प्रकाशात आतले थेंब मोहरीएवढे चमकतात. मग फिल्टरचं झाकण उघडा. ४७ मिलीमीटरचा पांढरा टेफ्लॉन कागद कोरडा असेल तर चिमट्यानं उचलताना कडक राहतो. ओला असेल तर बैठकीला चिकटतो आणि मधोमध कड्यासारखा डाग दिसतो. हंगामात हाच कागद वेगळं सांगतो: गुऱ्हाळाजवळच्या किंवा कोक जाळणाऱ्या कपोला भट्टीजवळच्या जागेत तो काही दिवसांत काळा पडतो. काजळीनं भरलेला फिल्टर प्रवाह अडवतो, ओझोन आणि एसओटूही धरून ठेवतो. तारीख आली म्हणून फिल्टर बदलायचा नसतो, रंग बघून बदलायचा. फिल्टर फार स्वस्त आहे, त्याच्यावर काटकसर करू नका.

उपाय साधे आहेत. एसी २५ च्या आसपास ठेवा. यंत्राला थंडी लागत नाही, त्याला स्थिर तापमान लागतं. एसीची पाती नळ्यांकडून दुसरीकडे वळवा. नळीला छपरापासून ॲनलायझरपर्यंत फोमचं वेष्टण घाला. मॅनिफोल्डच्या (सगळ्या यंत्रांना हवा वाटणाऱ्या सामाईक नळाच्या) तळाला पाणी साठायची बाटली असेल तर ती रोज बघा. छपरावरची पावसाची टोपी जागेवर आहे का, तेही बघा, कारण वाऱ्यानं ती तिरकी होते. पाणी दिसलेली नळी फुंकून वाळवून परत लावू नका. आतला ओला धुळीचा थर राहतो आणि तो पुढे गॅस खात राहतो. नळी बदला. आणि ती टेफ्लॉनचीच घ्या. बाजारातली पारदर्शक पीव्हीसी किंवा रबरी नळी 'तात्पुरती' म्हणून लावली की ती कायमची राहते, आणि ओझोन, एसओटू, एनओटू तिन्ही गिळते.

गळती

ॲनलायझरच्या मागचं सॅम्पलचं तोंड बुचानं बंद करा आणि प्रवाहाचा आकडा बघा. दोन-तीन मिनिटांत तो शून्याजवळ यायला हवा. ५०-१०० सीसी दाखवतच राहिला तर तेवढी हवा दुसरीकडून आत येतेय. बूच काढताना हळू काढा, झटक्यानं दाब सोडू नका.

गळती सापडते ती बहुतेक तीन ठिकाणी: फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, मागच्या फिटिंगची फेरूल (नळीवर घट्ट बसणारी कडी), आणि झिरो-स्पॅनचा विजेवर उघडझाप करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह. टेफ्लॉनची फेरूल पाना लावून आवळली की ती चपटी होते आणि नंतर कधीच नीट बसत नाही. हातानं आवळून वर पाव आटा पुरे. या शोषणाऱ्या नळ्यांवर साबणाचं पाणी लावू नका. इथे दाब आत ओढणारा आहे, पाणी आत जाईल. साबणाचं पाणी फक्त सिलिंडरच्या बाजूला, जिथे दाब बाहेर ढकलणारा असतो.

सिलिंडर आणि रेग्युलेटर

नवा सिलिंडर लागल्यापासून तक्रार सुरू झाली असेल तर थेट इथे या.

सर्टिफिकेट हातात घ्या आणि कॅलिब्रेटरमध्ये भरलेला आकडा त्याच्याशी ताडा. ऑर्डर ५० पीपीएमची (दहा लाखांत ५० भाग) दिलेली असते, सर्टिफिकेटवर मात्र ४८.६ असू शकतो. कॅलिब्रेटरमध्ये ५० तसाच राहिला तर पावणेतीन टक्क्यांची चूक तिथेच झाली. मुदतीची तारीख बघा. मुदत संपलेल्या सिलिंडरातला गॅस संपत नाही, पण कमी सांद्रतेचे एसओटू आणि एनओ आतल्या भिंतीवर हळूहळू कमी होतात आणि सर्टिफिकेटवरचा आकडा खोटा पडतो. दाब १० बारच्या खाली आला की त्या सिलिंडरवर विश्वास ठेवू नका.

रेग्युलेटर स्टेनलेस स्टीलचा, दोन टप्प्यांचाच हवा. पितळी रेग्युलेटर या वायूंसाठी चालत नाही. आणि जोडताना जी गोष्ट घाईत राहून जाते ती ही: रेग्युलेटरच्या पोटात खोलीतली हवा असते. त्या हवेतला ऑक्सिजन एनओचा एनओटू करतो, ओलावा एसओटू खातो. सिलिंडर उघडा, रेग्युलेटर भरू द्या, सिलिंडर बंद करा, गॅस बाहेरच्या व्हेंट नळीतून सोडून द्या. पूर्ण रिकामा होऊ देऊ नका, थोडा दाब राखा, नाहीतर हवा परत आत शिरेल. असं पाच-सहा वेळा करा. त्यानंतरही एसओटूला नळीच्या भिंती 'भराव्या' लागतात. पहिल्या दिवशी आकडा अर्धा तास रांगत चढला तर घाबरू नका. रोजच रांगत असेल तर मात्र नळीत ओल किंवा घाण आहे.

हे सगळं करताना दार उघडं ठेवा. सीओला वास नसतो. व्हेंट नळीचं टोक खोलीबाहेर गेलंय याची हातानं चाचपून खात्री करा.

झिरो एअर

रात्रीची रीडिंग उणे येत असतील तर ॲनलायझरला दोष देण्याआधी त्याला दाखवलेली 'स्वच्छ' हवा खरोखर स्वच्छ आहे का ते बघा. झिरो एअरमध्ये ५ पीपीबी एसओटू राहिला आणि तुम्ही त्यालाच शून्य ठरवलंत, तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून ५ वजा होत राहणार. पावसानं धुतलेल्या हवेत रीडिंग उणे जातं ते असं.

हवेची वाट क्रमानं बघा. आधी सिलिका जेल, ते ओलावा धरतं. मग परमँगनेटचे जांभळे दाणे, ते एनओचा एनओटू करतात. त्यानंतर चारकोल, तो एनओटू, एसओटू आणि ओझोन धरतो. जांभळे दाणे तपकिरी झाले की संपले. सिलिका जेलचा रंग बदलला की तेही. पावसाळ्यात हे उन्हाळ्याच्या कितीतरी पट लवकर संपतं, म्हणून वर्षभर एकच वेळापत्रक ठेवू नका. निळं सिलिका जेल कोबाल्टचं असतं, ते उघड्या हातानं हाताळू नये. शक्य असेल तर नारिंगी घ्या. चारकोल दिसायला नवा-जुना सारखाच, त्याचं फक्त तारखेवरून कळतं. डब्यावर मार्करनं तारीख लिहा.

सीओच्या यंत्राचा झिरो वेगळा विषय आहे. चारकोल सीओ धरत नाही. त्याला तापवलेला उत्प्रेरक किंवा हॉपकॅलाइट (सीओचं कार्बन डायऑक्साइड करणारे दाणे) लागतो, आणि हॉपकॅलाइट ओला झाला की काम सोडतो. म्हणजे सिलिका जेल संपलं की मागोमाग सीओचा झिरोही जातो.

खात्री करायची सोपी रीत: झिरो एअरच्या नळीत शेवटी नव्या चारकोलचा एक छोटा डबा तात्पुरता जोडा. एसओटू, ओझोनचा झिरो खाली आला तर दोष झिरो एअरमध्येच होता.

कॅलिब्रेटर, व्हेंट आणि कोल्हापूरचा दाब

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर आता थोडी हत्यारं लागतील.

डायल्यूशनचं, म्हणजे गॅस पातळ करण्याचं, गणित आधी कागदावर करा. ५० पीपीएमचा सिलिंडर, त्यातून मिनिटाला ४० सीसी गॅस, झिरो एअर धरून एकूण प्रवाह ५ लिटर. ५०,००० पीपीबी गुणिले ०.०४० भागिले ५, म्हणजे ४०० पीपीबी. हा आकडा आणि कॅलिब्रेटरचा दावा जुळला पाहिजे. मग बघा की एकूण प्रवाह सगळ्या यंत्रांच्या मागणीपेक्षा जास्त आहे का. प्रत्येक ॲनलायझर मिनिटाला साधारण अर्धा ते एक लिटर ओढतो. पुरवठा त्याहून निदान २० टक्के जास्त हवा आणि जास्तीचा गॅस व्हेंटमधून बाहेर पडायला हवा. व्हेंटवर प्रवाहमापक धरून बघा. व्हेंटमधून काहीच बाहेर येत नसेल तर यंत्र उरलेली भूक खोलीतल्या हवेनं भागवतंय, आणि स्पॅन पातळ होतोय. उलट व्हेंट चिमटला असेल तर दाब वाढतो आणि स्पॅन खोटाच जास्त दिसतो. चौथं यंत्र नव्यानं जोडल्यावर सगळ्यांचे स्पॅन एकदम पडले, तर कारण हेच.

आता दाब. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथे हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे पाऱ्याचे साधारण २८ इंच. समुद्राकाठी तो १०१३, सुमारे ३० इंच. फरक सहा-सात टक्क्यांचा. कॅलिब्रेटरचे प्रवाह बबल मीटरनं (साबणाच्या बुडबुड्यावरून प्रवाह मोजणाऱ्या साधनानं) तपासताना ही दुरुस्ती विसरली की चांगल्या प्रवाह नियंत्रकाला सदोष ठरवलं जातं. बबल मीटर इथल्या दाबाचं आकारमान मोजतो, कॅलिब्रेटर समुद्रसपाटीच्या दाबाला बदललेलं दाखवतो. कॅलिब्रेटर ५ लिटर म्हणत असेल आणि बबल मीटरवर सव्वापाच-साडेपाचच्या दरम्यान येत असेल तर ते बरोबरच आहे. कॅलिब्रेटरचं 'प्रमाण' तापमान ० अंश आहे की २५ हेही बघा, त्यानं आणखी नऊ टक्क्यांचा फरक पडतो.

ॲनलायझरचा दाबाचा सेन्सरही याच आकड्यावरून तपासता येतो. पंप बंद करा, सॅम्पलचं तोंड उघडं ठेवा, पाच मिनिटांनी दाब वाचा. २८ इंचांच्या जवळपास हवा. ३० दाखवत असेल तर कुणीतरी सेन्सर समुद्रसपाटीवर बसवलाय, आणि यंत्र प्रत्येक रीडिंगला चुकीची दाब-दुरुस्ती देतंय. इथे मोबाइलवरचा हवामानाचा आकडा वापरू नका. त्यातला दाब समुद्रसपाटीला बदललेला असतो, तो कोल्हापुरातही हजाराच्या वर दिसतो. साधा बॅरोमीटर किंवा फोनमधल्या स्वतःच्या दाब-सेन्सरचं रीडिंग चालेल.

पंप

स्पॅन महिनोन्महिने एकाच दिशेनं हळूहळू घसरत असेल तर पंपाचा डायफ्राम (हवा ओढणारा लवचीक पडदा) संशयित. यंत्रातला बारीक छिद्राचा ओरिफिस प्रवाह स्थिर ठेवतो, पण मागचा दाब पुढच्याच्या निम्म्याहून कमी असेल तेव्हाच. डायफ्राम थकला की ही अट मोडते. नॉक्समध्ये तर दुहेरी फटका बसतो: कप्प्यातला दाब वाढला की उत्तेजित एनओटू प्रकाश देण्याआधीच धडकून विझतो. डायफ्राम आणि फ्लॅपरचा किट बदलणं तासाभराचं काम आहे. पंप गार होऊ द्या, प्लग काढा, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा. नॉक्सच्या पंपाआधी ओझोन मारणारा डबा असतो, तो संपला असेल तर नवा डायफ्रामही लवकर जाईल.

नॉक्सचा कन्व्हर्टर

एनओ बरोबर आणि एनओटू कमी, हे लक्षण असेल तरच हे करा. एनओटू थेट मोजला जात नाही. मॉलिब्डेनमचा तापलेला कन्व्हर्टर त्याचा एनओ करतो आणि मग मोजतो. त्याची क्षमता बघायला कॅलिब्रेटरमधून एनओ आणि ओझोन एकत्र सोडतात. एनओ ४०० पीपीबीवर स्थिर करा, ओझोन सोडा, एनओ १५० वर येऊ द्या. २५० पीपीबी एनओचा एनओटू झाला. नॉक्सचा एकूण आकडा ४०० च राहायला हवा. तो ३८५ वर घसरला तर २५० पैकी १५ हरवले, क्षमता ९४ टक्के. ९६ च्या खाली कन्व्हर्टर बदलायचा असतो. स्पॅन वाढवून ही तूट भरून काढू नका. तसं केलंत की एनओही चुकायला लागतो.

इथे थांबा

खालची कामं स्टेशनवर, पान्यानं करायची नाहीत. प्रशिक्षित सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा.

यूव्ही लॅम्पची तीव्रता कमी झाली असेल आणि ऑप्टिकल कप्पा उघडावा लागणार असेल तर थांबा. २५४ नॅनोमीटरचा ओझोनचा लॅम्प आणि २१४ चा एसओटूचा लॅम्प, दोन्हींचा प्रकाश डोळ्यांना इजा करतो. पीएमटीला शेकडो व्होल्ट असतात, आणि ती वीज चालू असताना उजेडात उघडली तर ती नळीच कामातून जाते. कन्व्हर्टर ३०० अंशांच्या वर तापलेला असतो, प्लग काढल्यावरही बराच वेळ.

ओझोनचं कॅलिब्रेशन स्वतःच्या भरवशावर करू नका. ओझोन सिलिंडरात टिकत नाही, तो जागेवरच तयार करावा लागतो आणि तो किती झाला हे प्रमाणित ट्रान्सफर स्टँडर्डवरूनच (ताडून आणलेल्या संदर्भ यंत्रावरूनच) ठरतं. तुमच्या कॅलिब्रेटरचा ओझोन जनरेटर शेवटचा कधी प्रमाणित झाला हे सर्टिफिकेटवर दिसत नसेल तर त्यावरून ॲनलायझरचा स्पॅन बदलायचा नाही, फक्त नोंद करायची. प्रवाह नियंत्रकांचंही तसंच. दुरुस्ती धरून ताडल्यावरही ते चुकत असतील तर ते प्रयोगशाळेत पाठवा.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह अडकला असेल तर पाना, हातोडा, तेल यांपैकी काहीही लावू नका. गॅस गळतोय अशी शंका आली तर खोलीबाहेर या, दार उघडं टाका, बाहेरून पुरवठादाराला फोन करा.

आणि वरच्या सगळ्या तपासण्यांनंतर स्पॅन अजूनही २० टक्क्यांच्या पलीकडे चुकत असेल तर बटण दाबायचंच नाही. त्या काळातल्या डेटाला शंकास्पद म्हणून खूण करा. एसओटूची २४ तासांची मर्यादा ८० मायक्रोग्रॅम आहे. २० टक्के चुकलेलं यंत्र ९० च्या हवेला ७२ दाखवतं, आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणीतरी मुलाला मैदानावर पाठवलेलं असतं.

इंजिनिअरला फोन लावताना हे हाताशी ठेवा: झिरो-स्पॅनचे आढळलेले आकडे मागच्या तीन महिन्यांचे, सॅम्पल प्रवाह आणि दाब, लॅम्पची तीव्रता, पीएमटी किंवा डिटेक्टरचे व्होल्ट, खोलीचं तापमान, सिलिंडरच्या सर्टिफिकेटचा फोटो, आणि यादीतल्या कुठल्या तपासण्या करून झाल्या ते. एवढं असलं तर पुष्कळदा सुटा भाग पहिल्याच फेरीत बरोबर येतो.